सूर्यावर मूलद्रव्य शोधणारा कारकून

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर काही जुने चौथरे आहेत. परिसरातील लोक त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. हे साहेब म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ सर जोसेफ नॉर्मन लॉकियर. त्यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात या ओट्यांवरून सूर्याचे निरीक्षण केले आणि हेलियम हे मूलद्रव्य शोधले, अशी कथा कोकणात रूढ आहे. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा करण्याचा प्रघातही पडला आहे.

कथेतील माणूस खरा आहे, किल्लाही खरा आहे. तारीख मात्र चुकीची आहे. ऑगस्ट १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गावर आले ते तब्बल तीस वर्षांनी, जानेवारी १८९८ मध्ये. त्यावेळी त्यांना हेलियम शोधायचे नव्हते, कारण ते तोपर्यंत पृथ्वीवरही सापडले होते. त्यांच्यापुढे याहून अवघड प्रश्न होता. मूलद्रव्याचा स्वभाव कायमचा ठरलेला असतो की उष्णतेने तो पालटतो, हा तो प्रश्न. आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी या प्रश्नाला दिली.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी या गावी झाला. वडील वैद्यकीय व्यवसाय करीत आणि विज्ञानाची आवड बाळगून होते. नॉर्मन यांचे शिक्षण खासगी शाळांत झाले. काही काळ त्यांनी फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये घालवला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १८५७ मध्ये ते लंडनमधील युद्ध खात्यात कारकून म्हणून रुजू झाले. पुढील वर्षी विनिफ्रेड जेम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या फ्रेंच भाषेतील विज्ञानग्रंथांची इंग्रजी भाषांतरे करीत. दिवसा कचेरी आणि रात्री दुर्बीण असा लॉकियर यांचा क्रम होता. घराच्या बागेत त्यांनी सव्वासहा इंची भिंगाची दुर्बीण बसवली होती.

त्या काळात विज्ञानाच्या हाती एक नवे साधन आले होते. जर्मनीत बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी असे दाखवून दिले होते की, प्रत्येक मूलद्रव्य तापवले असता ठराविक रंगांच्या रेषा देते आणि त्या रेषांवरून ते ओळखता येते. प्रकाश लोलकातून नेऊन त्याचा वर्णपट पाहणाऱ्या या यंत्राला वर्णपटदर्शक म्हणतात. याच मार्गाने त्या दोघांनी १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही नवी मूलद्रव्ये शोधली. पुढील हकिगतीत ही दोन नावे पुन्हा येणार आहेत.

लॉकियर यांनी हे यंत्र सूर्याकडे वळवले. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेशी लालसर सौरज्वाला दिसतात. एरवी सूर्याच्या झळाळीत त्या लपून जातात. या ज्वाला तप्त वायूच्या असतील तर त्यांचा प्रकाश मोजक्या रेषांतच एकवटलेला असणार. म्हणून प्रभावी वर्णपटदर्शकाने त्या ग्रहणाविनाही दिसाव्यात, असा तर्क त्यांनी १८६६ मध्ये मांडला. रॉयल सोसायटीने यंत्रासाठी अनुदान दिले. कारागिरांनी मात्र फार विलंब केला. यंत्र हाती पडले तेव्हा १८६८ चा ऑक्टोबर उजाडला होता आणि त्या वर्षीचे ग्रहण होऊन दोन महिने उलटले होते.

ते ग्रहण भारतातून दिसले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर जान्सेन यांनी ते गुंटूर येथून पाहिले. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणमला होते, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. जमखंडीला ढगांनी घोटाळा केला आणि हर्शेल यांना मधल्या फटींतून जेवढे दिसले तेवढ्यावर समाधान मानावे लागले. ऐन श्रावणात जमखंडीची ही अवस्था, तर कोकणकिनाऱ्यावरील पावसाची कल्पना कोणालाही यावी. वेधासाठी विजयदुर्गाची निवड त्या महिन्यात कोणी जाणता खगोलशास्त्रज्ञ सहसा करणार नाही. जानेवारीत मात्र तेथील आकाश निरभ्र असते.

जान्सेन यांना ग्रहणाच्या वेळी ज्वालांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्याच दिवशी भर उन्हात त्यांनी त्या पुन्हा पाहून दाखवल्या. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला लंडनमध्ये स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला आली. श्रेयासाठी भांडण पेटावे असा हा प्रसंग होता. पण अकादमीने दोघांचाही गौरव केला, दोघांचा स्नेह जडला आणि फ्रेंच सरकारने १८७२ मध्ये दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. विज्ञानाच्या इतिहासात असे क्वचितच घडते.

या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ग्रहणात अनेकांनी ती पाहिली होती आणि बहुतेकांनी ती सोडियमची मानली होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीला येतात. ही रेषा ५८७.६ नॅनोमीटरच्या जवळ होती. फरक अगदी थोडा. लॉकियर यांनी तो ओळखला. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर निरनिराळे प्रयोग केले. त्या वायूतून ही रेषा निघेना. तेव्हा पृथ्वीवर अज्ञात असलेले एखादे मूलद्रव्य सूर्यावर असावे, या निष्कर्षाला लॉकियर आले. फ्रँकलंड यांना ही उडी फार मोठी वाटत होती. ग्रीक भाषेतील सूर्यवाचक शब्दावरून ठरवलेले हेलियम हे नाव १८७१ मध्ये विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्विन, यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात जाहीरपणे उच्चारले. नावाच्या शेवटचा प्रत्यय सोडियम, पोटॅशियम अशा धातूंचा आहे. सूर्यावरचा हा पदार्थ धातू असावा, असा तो अंदाज होता. तो साफ चुकला, पण नाव टिकले.

या शोधानंतर दुसऱ्याच वर्षी, १८६९ मध्ये, दोन घटना घडल्या. ४ नोव्हेंबरला लॉकियर यांच्या संपादकत्वाखाली नेचर हे साप्ताहिक सुरू झाले. पुढे पन्नास वर्षे ते त्याचे संपादक होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात रशियात दमित्री मेंडेलीव्ह यांची आवर्तसारणी प्रसिद्ध झाली होती.

मेंडेलीव्ह यांनी त्या वेळी माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने लावली, तेव्हा त्यांचे गुणधर्म ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येताना दिसले. जेथे क्रम जुळेना तेथे त्यांनी रिकाम्या जागा सोडल्या आणि तेथे कोणते मूलद्रव्य यावे, त्याची घनता व संयुगे कशी असावीत, हेही सांगून टाकले. या अज्ञात मूलद्रव्यांच्या तात्पुरत्या नावांसाठी त्यांनी संस्कृतातील एक हा शब्द वापरला. ॲल्युमिनियमखालची जागा म्हणजे एक-ॲल्युमिनियम. १८७५ मध्ये गॅलियम सापडून ती जागा भरली. पाठोपाठ १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम मिळाले. शेजाऱ्यांवरून अनोळखी घरातील माणसाचा स्वभाव सांगावा आणि तो खरा निघावा, तसा हा प्रकार होता.

हेलियमला मात्र या सारणीत घर नव्हते. त्याचा अणुभार ठाऊक नव्हता, संयुगे ठाऊक नव्हती; हाती होती केवळ एक पिवळी रेषा. रसायनशास्त्रज्ञांना एवढ्यावर नवे मूलद्रव्य मानणे पटत नव्हते. स्वतः मेंडेलीव्ह साशंक होते. परिचित मूलद्रव्यच वेगळ्या तापमानात ही रेषा देत असेल, असा सर्वसाधारण आक्षेप होता.

लॉकियर यांची अडचण अशी की, मूलद्रव्याच्या रेषा तापमानाने बदलतात हे त्यांना स्वतःलाच सर्वांत अधिक दिसत होते. कॅल्शियमचे उदाहरण त्यांनी वारंवार दिले. साध्या ज्योतीत कॅल्शियमची निळी रेषा ठळक असते. विजेच्या ठिणगीत ती मंद होते आणि जांभळ्या भागातील दोन रेषा प्रबळ होतात. सूर्याच्या वर्णगोलात, म्हणजे ग्रहणात कडेशी दिसणाऱ्या लालसर थरात, याच दोन जांभळ्या रेषा फार उंचीपर्यंत दिसतात. यावरून त्यांनी १८७० च्या दशकात असा सिद्धान्त मांडला की, प्रखर उष्णतेत मूलद्रव्येच फुटतात आणि अधिक साध्या घटकांत विभागली जातात. या घटकांना ते आद्य-कॅल्शियम, आद्य-लोह अशा अर्थाची नावे देत.

हा विचार रसायनशास्त्राच्या पायालाच हात घालणारा होता. मूलद्रव्य फुटत नाही, म्हणून तर ते मूलद्रव्य. त्यावर टीका झाली आणि तिच्यातील काही भाग रास्त होता. निरनिराळ्या मूलद्रव्यांत एकसारख्याच रेषा दिसतात, असा पुरावा लॉकियर यांनी १८७८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवला होता. लिव्हिंग आणि ड्युअर या केंब्रिजमधील जोडीने अधिक सूक्ष्म मोजणी करून दाखवले की, यातील पुष्कळ रेषा वेगळ्याच आहेत किंवा नमुन्यातील भेसळीच्या आहेत. लॉकियर मागे हटले नाहीत. त्यांचा स्वभाव हट्टी होता; एका निरीक्षणावर मोठी इमारत उभारण्याचा मोह त्यांना आवरत नसे. तारे उल्कांच्या टकरीतून घडतात, हा त्यांचा दुसरा सिद्धान्त काळाच्या कसोटीवर उतरला नाही. मात्र मूळ निरीक्षण, म्हणजे उष्णतेने रेषा पालटतात ही गोष्ट, पूर्णपणे खरी होती.

निरीक्षणासाठी ते कोठेही जात. १८७० मध्ये सिसिलीला जाताना त्यांचे जहाज खडकावर आदळले आणि प्रत्यक्ष ग्रहणात ढगांनी त्यांना जेमतेम दीड सेकंद सूर्य दाखवला. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी ते प्रथम भारतात आले. मलबार किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यात त्यांचा तळ होता. सूर्य गिळणाऱ्या राक्षसाला पळवण्यासाठी किल्ल्याखाली जमलेल्या लोकांनी गवत पेटवले. त्या धुराने वेधच बुडतील अशी वेळ आली, तेव्हा पोलिसांनी धावपळ करून ती आग विझवली. अशा माणसाने १८९६ मध्ये गोल्फच्या नियमांवरही एक पुस्तक तयार केले, हे कळल्यावर त्याच्या उत्साहाची कल्पना येते.

मार्च १८९५ मध्ये हेलियमचा निकाल लागला. आदल्या वर्षी रॅले आणि विल्यम रॅम्झे यांनी हवेतून आर्गॉन वेगळा केला होता. रॅम्झे आता क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघणारा वायू तपासत होते. त्यांना आर्गॉनची अपेक्षा होती. दिसली एक पिवळी रेषा. विल्यम क्रुक्स यांनी तिची मोजणी केली आणि ती सूर्यावरील रेषेशी जुळली. लॉकियर यांनाही नमुना पाठवण्यात आला. सत्तावीस वर्षे ज्याचा केवळ प्रकाश पाहिला, तो वायू त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत नळीत बंदिस्त पाहिला आणि लगेच इतर खनिजांतून तो स्वतः काढण्यास सुरुवात केली.

आर्गॉन आणि हेलियम हे दोन्ही वायू कशाशीच संयोग पावत नव्हते. मेंडेलीव्ह यांच्या सारणीत अशा अलिप्त मूलद्रव्यांसाठी जागाच नव्हती. आर्गॉनचा अणुभार तर पुढे येणाऱ्या पोटॅशियमपेक्षा जास्त भरत होता. हे कोडे अणुक्रमांकाच्या आधारे मोझली यांनी १९१३ मध्ये सोडवले. दरम्यान १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन मिळाले आणि सारणीत एक संपूर्ण नवा स्तंभ उभा करावा लागला. सुरुवातीला नाराज असलेल्या मेंडेलीव्ह यांनीही तो स्वीकारला. सारणी मोडेल अशी भीती होती. प्रत्यक्षात ती अधिक भक्कम झाली.

त्याच १८९८ सालच्या २२ जानेवारीला पश्चिम भारतातून खग्रास ग्रहण दिसणार होते. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेगचा कहर होता. तरीही युरोप-अमेरिकेतून पथके आली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालवणारे कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वेध घेतले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही जेऊरलाच होते. लॉकियर यांनी किनारा निवडला, कारण त्यांच्यासोबत मेल्पोमीन ही युद्धनौका होती. वाघोटन खाडीच्या मुखाशी असलेल्या विजयदुर्गात तिचे अधिकारी आणि खलाशी उतरले. दुर्बिणी बसवणे, सेकंद मोजणे, छायाचित्रांच्या काचा बदलणे, किरिटाची चित्रे काढणे अशी कामे त्यांना शिकवून वाटून देण्यात आली. लॉकियर यांचे चिरंजीव विल्यमही तळावर होते.

खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटे टिकली. लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी वर्णगोलाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली गेली. लॉकियर यांना पाहायचे होते ते हे की, ठिणगीत प्रबळ होणाऱ्या रेषा वर्णगोलातही प्रबळ आहेत काय. त्या होत्या. आपल्या सिद्धान्ताला मिळालेली ही पुष्टी त्यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. विजयदुर्गाचे विज्ञानाच्या इतिहासातील स्थान हे आहे. हेलियमच्या शोधाइतके ते आकर्षक नसेल, पण ते अस्सल आहे.

आदल्या वर्षी जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला होता. अणूपेक्षा लहान कण असू शकतात, हे सांगताना टॉमसन यांनी ताऱ्यांच्या वर्णपटावरून लॉकियर यांनी काढलेल्या अनुमानाचा उल्लेख केला होता. उष्णतेत अणूतून काहीतरी सुटते, ही लॉकियर यांची कल्पना बरोबर होती. मात्र सुटतो तो इलेक्ट्रॉन. उरलेला भाग हा वेगळा आद्य पदार्थ नसतो. तो त्याच मूलद्रव्याचा आयन असतो.

इलेक्ट्रॉन सुटण्यास किती ऊर्जा लागते, यालाही आवर्तसारणीत शिस्त आहे. ओळीत डावीकडून उजवीकडे गेले की, काही किरकोळ चढउतार वगळता, ही आयनीभवन ऊर्जा वाढत जाते. तिसऱ्या ओळीत सोडियमसाठी ती ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, मॅग्नेशियमसाठी ७.६, तर ओळीच्या शेवटी आर्गॉनसाठी १५.८. कारण केंद्रातील धनभार वाढतो आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन अधिक घट्ट धरले जातात. स्तंभात वरून खाली आले की ती घटते, कारण बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर जातो आणि आतील इलेक्ट्रॉनांच्या आड येतो. पोटॅशियम ४.३, रुबिडियम ४.२, सीझियम ३.९. सारणीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बसलेल्या हेलियमची ऊर्जा २४.६ असून ती सर्व मूलद्रव्यांत अधिक आहे.

हेलियम इतकी वर्षे का लपले, याचे उत्तर या एका आकड्यात बरेचसे मिळते. जो अणू इलेक्ट्रॉन सोडत नाही आणि नवा घेतही नाही, तो कोणतेही संयुग बनवत नाही. शिवाय तो हलका असल्याने वातावरणातून निसटतो. त्याच्या इलेक्ट्रॉनाला पिवळी रेषा देण्याच्या स्थितीत आणायलाही सुमारे एकवीस इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणून सूर्याच्या नेहमीच्या प्रकाशात ती रेषा उमटत नाही. कडेच्या उत्तेजित वायूतच ती उजळते.

हे सर्व गणितात मांडले एका भारतीयाने. कलकत्त्यात अध्यापन करणारे मेघनाद साहा यांनी तापमान, दाब आणि आयनीभवन ऊर्जा यांवरून ताऱ्यात कोणत्या मूलद्रव्याचा किती भाग आयन स्वरूपात असेल, हे काढण्याचे समीकरण दिले. कॅल्शियमची ऊर्जा केवळ ६.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि वर्णगोलाच्या वरच्या भागात दाब अत्यल्प. तेथे कॅल्शियमचा जवळजवळ प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन गमावून बसतो. लॉकियर यांच्या त्या दोन जांभळ्या रेषा या आयनाच्याच आहेत.

साहांचा लेख इंग्लंडमध्ये ऑक्टोबर १९२० मध्ये छापला गेला. लॉकियर यांना तो वाचता आला नाही. दक्षिण केन्सिंग्टनमधील त्यांची सौर वेधशाळा सरकारने केंब्रिजला हलवली, तेव्हा नाराज झालेल्या लॉकियर यांनी डेव्हन परगण्यात सिडमथजवळच्या टेकडीवर स्वतःची वेधशाळा उभी केली होती. तेथेच १६ ऑगस्ट १९२० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मधे केवळ दोन महिन्यांचे अंतर राहिले.

त्याच सुमारास साहा लंडनला पोहोचले आणि आल्फ्रेड फौलर यांच्या प्रयोगशाळेत काही महिने काम करू लागले. फौलर हे लॉकियर यांचे शिष्य आणि दीर्घकाळचे सहायक. रुबिडियम आणि सीझियम सूर्यावर का दिसत नाहीत, हा जुना प्रश्न होता. साहांचे उत्तर असे होते की, सारणीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातील ही मूलद्रव्ये सूर्याच्या उष्णतेत इलेक्ट्रॉन गमावतात आणि त्यांच्या नेहमीच्या रेषा नाहीशा होतात. तुलनेने थंड असलेल्या सौरडागांत मात्र त्या सापडाव्यात. लवकरच अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना सौरडागांच्या वर्णपटात रुबिडियमच्या रेषा मिळाल्या.